खड्डा आधी बुजवा, मग बोलू

प्रश्न : आमच्याकडे वादळांचं प्रमाण वाढलं आहे. मागच्या वेळी शेजाऱ्यांचे पत्रे उडून आमच्या अंगणात येऊन पडले. तेव्हापासून ठरवलंय की घराखाली एक खोली खणायची आणि वादळ आलं की सगळ्यांनी तिथे उतरायचं. मी आणि माझा मेहुणा सुट्टीच्या दिवशी खणतो. बेडरूमच्या कोपऱ्यातली फरशी काढून चारेक फूट खाली गेलो आहोत. आता विटांच्या भिंती बांधायच्या की भंगारातला मालवाहू कंटेनर आणून बसवायचा, यावर आमचं जुळत नाही. घरात पाच माणसं. आई ७८ वर्षांची, गुडघ्यांनी अधू. बायकोचा ठाम विरोध आहे. ती म्हणते, वादळानं नाही पडलं तर तुमच्या खड्ड्यानं घर पडेल. खोली किती खोल हवी, भिंत किती जाड, हवेची सोय कशी करायची, ते सविस्तर सांगा.

उत्तर :

नमस्कार. वहिनींचं बरोबर आहे. पत्र वाचून झाल्यावर पहिला विचार वादळाचा आलाच नाही, त्या कोपऱ्यातल्या खड्ड्याचा आला. म्हणून तुमच्या प्रश्नांची उत्तरं थोडी मागे ठेवतो आणि आधी आज काय करायचं ते सांगतो.

बेडरूमचा कोपरा म्हणजे दोन भिंती जिथे मिळतात ती जागा. बहुतेक घरांत तिथे खाली एक तर कॉलमचं फूटिंग (खांबाखालचा रुंद पाया) असतं, नाही तर दोन्ही भिंतींच्या पायाचं दगडकाम एकमेकांत गुंतलेलं असतं. त्या पायाचा तळ नेमका किती खोल आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? साध्या बैठ्या घरांचा पाया बऱ्याचदा तीन-चार फुटांवरच संपतो, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे पोचला आहात तिथेच. पायावरचं ओझं सरळ खाली उतरत नाही, ते खाली जाता जाता बाजूला पसरतं. बांधकामातला ढोबळ नियम असा की पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली तिरकी रेघ ओढायची. त्या रेघेखालची माती घर पेलत असते आणि ती काढायची नाही. पायाला लागून त्याच्या तळाच्या खाली फावडं गेलं की तुम्ही घराच्या आधाराची माती बादलीनं बाहेर नेत असता. घर त्याच दिवशी पडत नाही. एखादा पावसाळा जातो, माती ओली होते, कोपरा अर्धा इंच खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

खणण्याचा धोका तुमच्या दोघांच्या अंगालाही आहे. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. खड्ड्याची उभी कड सुटते तेव्हा ती सूचना देऊन सुटत नाही आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत ५ फूट किंवा त्याहून खोल चराला आधार देणं किंवा कडा उतरत्या ठेवणं सक्तीचं आहे (अखंड खडक असेल तरच सूट), आणि काढलेली माती कडेपासून किमान २ फूट लांब टाकावी लागते. तुम्ही चार फुटांवर आहात, वर घराचं ओझं आहे आणि माती बहुधा तिथेच कडेला रचली आहे. त्यामुळे आजपासून कोणीही त्या खड्ड्यात उतरू नये. खोल गेल्यावर पाणी उपसायला इंजिनवर चालणारा पंप आत ठेवायचा विचार असेल, तर तोही सोडा. बंद खड्ड्यात त्याचा धूर माणसाला शुद्धीवर असतानाच गाठतो आणि कळूही देत नाही.

खड्डा बुजवायचीही रीत आहे. आधी कडेला उभं राहून बॅटरीच्या उजेडात पायाचा तळ दिसतो का ते बघा. खड्ड्याचा तळ पायाच्या तळाहून वर असेल तर मुरूम किंवा निघालेलीच चांगली माती सहा-सहा इंचांच्या थरानं टाका, प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडा आणि धुम्मसानं चोपा. काम वरून करा. सगळी माती एकदम ढकलून वर फरशी बसवली तर वर्षभरात फरशी पोकळ वाजायला लागेल. तळ पायाच्या खाली गेला असेल तर मात्र स्वतः काही भरू नका. तिथे बहुधा काँक्रीटच भरावं लागेल आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं प्रत्यक्ष बघूनच ठरवायला हवं. तोवर त्या खोलीत झोपू नका. भिंतीवर आधीपासून भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहून ठेवा. भेग रेघेच्या पुढे सरकली तर इंजिनिअरला तेवढी एक गोष्ट दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जाते.

आता वादळाकडे येऊ. पत्रात तुम्ही सगळीकडे नुसतं 'वादळ' लिहिलं आहे आणि माझी खरी अडचण तीच आहे. तुमच्याकडे येतं ते सोंडेसारखं फिरत येणारं टोर्नेडो आहे की समुद्रावरून येणारं चक्रीवादळ? दोन्हीत वारा असतो, पण माणसं मरतात ती वेगवेगळ्या कारणांनी. टोर्नेडो अरुंद पट्ट्यात येतं, काही मिनिटांत निघून जातं आणि मारतं ते वाऱ्यानं आणि वाऱ्यासोबत उडणाऱ्या लाकूड-पत्र्यांनी. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागावरून गेलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. चक्रीवादळात वारा तासन्‌तास वाहतो आणि त्याच्यासोबत समुद्र आत येतो. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून जास्त माणसं गेली, २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात सुमारे दहा हजार. दोन्हीकडे खरा घात केला तो किनाऱ्यावर चढून आलेल्या पाण्यानं. म्हणूनच बांगलादेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर त्यानंतर उभ्या राहिलेल्या निवारा-इमारती खांबांवर उचललेल्या आहेत. खालचा मजला मोकळा, माणसं वर.

तेव्हा तुमचं घर समुद्राजवळ, खाडीकाठी, नदीच्या पूररेषेत किंवा पावसाचं पाणी साचणाऱ्या सखल जागेत असेल तर जमिनीखालची खोली हा विषय इथेच संपवा. ती निवारा होणार नाही, विहीर होईल. तुमच्यासाठी उपाय एकच, इशारा आला की वेळेत उंचावरच्या पक्क्या इमारतीत जाणं. पुढचं सगळं टोर्नेडोसाठी किंवा पाण्याचा धोका नसलेल्या ठिकाणच्या तुफानी वाऱ्यासाठी आहे, असं धरून वाचा.

वाऱ्यापुरतं बोलायचं तर जमिनीखाली जाण्याची कल्पना चुकीची अजिबात नाही. टोर्नेडो-निवाऱ्यांसाठी अमेरिकेत जी मानकं आहेत त्यांत सर्वांत कडक पातळीला ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर वारा धरून खोली तोलतात. त्याशिवाय ६.८ किलोचा लाकडी वासा तोफेसारख्या यंत्रातून ताशी १६० किलोमीटर वेगानं भिंतीवर आणि दारावर मारून बघतात. भिंत भेदून वासा आत आला की ती रचना नापास. मातीत पुरलेल्या खोलीच्या भिंतींना हा वासा लागतच नाही, ते काम माती करते. पण झाकण उघड्यावरच राहतं. बहुतेक हौशी बांधणारे भिंतींवर महिने घालवतात आणि वर लोखंडी पत्र्याचं दोन कड्यांचं झाकण ठेवतात, तिथे सगळं फसतं.

माझा विरोध घराखाली खणण्याला आहे, त्यातही उभ्या घराखाली. नवं घर बांधताना तळघर पायासोबतच उभं राहतं, ती गोष्ट वेगळी. उभ्या घराखाली उतरायचं म्हणजे जुना पाया तुकड्या-तुकड्यानं, एका वेळी साधारण मीटरभर लांबीचा, आलटून पालटून उघडायचा, खाली काँक्रीट भरायचं, ते कडक होऊ द्यायचं, मग पुढचा तुकडा. अनुभवी ठेकेदारसुद्धा हे काम इंजिनिअर उभा ठेवून करतात. शिवाय घराखालच्या खोलीला एक अंगभूत दोष आहे. घर पडलं तर ते तिच्याच तोंडावर पडतं.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. वादळात नळी निसटली, सिलिंडर आडवा झाला तर गॅस जमिनीलगत सरपटत सर्वांत खोल जागा शोधतो. ती जागा तुम्ही पाच जण बसलेली खोली असेल आणि अंधारात कोणीतरी काडी ओढेल. गाडी ठेवायच्या जागेखाली निवारा केला तर सांडलेल्या पेट्रोलच्या वाफेचंही तेच.

तुमच्या आणि मेहुण्यांच्या वादाचा निकाल देतो : दोघेही हरलात. विटांची भिंत वरून आलेलं ओझं छान घेते, बाजूनं आलेला रेटा तिला सोसत नाही. ओली माती भिंतीला आडवी ढकलते. नऊ इंची विटांची सळईविना बांधलेली भिंत मध्यावर आत फुगते, आडवी भेग जाते आणि एक दिवस बसते. कंटेनरची गोष्ट तर आणखी फसवी. जहाजावर कंटेनरवर कंटेनर रचलेले बघून वाटतं की केवढा दणकट. पण ते सगळं ओझं चार कोपऱ्यांच्या खांबांवरून खाली जातं. बाजूचा नालीदार पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि छताला मातीचा थर पेलायचा हिशेबच नसतो. पुरलेला कंटेनर बाजूंनी आत दबतो, वरून खचतो, खालून गंजतो. (तो घराच्या आत, बेडरूमच्या खाली कसा नेणार होता, हे मात्र मला पत्र तीनदा वाचूनही समजलं नाही.)

जमिनीत जायचंच असेल तर घराबाहेर जा आणि आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट वापरा. घरापासून अंतर किती, तेही त्या ४५ अंशांच्या रेघेवरूनच निघतं. समजा घराचा पाया एक मीटरवर संपतो आणि तुमच्या खोलीचा तळ अडीच मीटरवर जाणार आहे. फरक दीड मीटर, म्हणजे खड्ड्याची कड पायापासून किमान दीड मीटर तरी लांब हवी. खणताना कडा उतरत्या ठेवाव्या लागतात म्हणून मी तीन मीटरांच्या आत येऊ देणार नाही. फार लांबही नको, कारण आईंना भर वाऱ्यात, अंधारात तिथवर न्यायचं आहे. खणण्याआधी त्या जागेखालून विजेची केबल, पाण्याची लाइन, गॅस किंवा ड्रेनेज जात नाही ना, हे संबंधित खात्याकडून खात्री करून घ्या. बांधकामाची परवानगीही काढा.

खरी परीक्षा पाण्याची आहे. जमिनीखालचं पाणी किती खोलीवर आहे, हे भर पावसाळ्यात बघायचं असतं. उन्हाळ्यात कोरडा निघालेला खड्डा काहीच सिद्ध करत नाही. बोअर मारणाऱ्याकडून किंवा माती तपासणाऱ्यांकडून एक चाचणी भोक घ्या, त्यात जाळीदार पाइप सोडून ठेवा आणि पावसाळाभर आठवड्याला एकदा दोरीला वजन बांधून पातळी मोजा. तळापासून मीटरभर अंतर राहत नसेल तर तो नाद सोडलेला बरा. काळी चिकण माती असेल तर आणखी जपून. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि दर वर्षी भिंतीला धक्के देत राहते.

पाणी वर आलं तर काय होतं, ते आकड्यांत बघा. समजा खोली आतून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच आहे. भिंती, तळ आणि छत १५ सेंटिमीटर जाडीचे केले तर बाहेरून ती २.३ बाय २.३ बाय २.४ मीटर होते. तिच्याभोवती माथ्यापर्यंत पाणी चढलं तर ती साधारण १२.७ घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला वर उचलणारा जोर जवळपास १२.७ टन. तिचं काँक्रीट असतं साधारण ४.३ घनमीटर, वजन दहा-साडेदहा टन. म्हणजे झाकण लावलेल्या रिकाम्या पिंपासारखी ती वर येणार. जाडी २० सेंटिमीटर केली तर वजन आणि जोर दोन्ही सव्वाचौदा-साडेचौदा टनांच्या घरात येतात, म्हणजे काठावर बरोबरी. म्हणून तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर फूटभर काढतात, त्यावर भरावाची माती बसते आणि ती खोलीला दाबून धरते. लोखंडी किंवा फायबरच्या तयार पेट्या तर हलक्याच. त्या काँक्रीटच्या तळाला बांधून घातल्या नाहीत तर एखाद्या मोठ्या पावसात अंगणातून डोकं वर काढतात.

जाडीचं उत्तर त्यामुळे असं की २० सेंटिमीटरच्या खाली नको आणि सळई दोन्ही दिशांनी. सळई किती जाडीची, किती अंतरावर, हे मी इथे लिहिणार नाही. माती कोणती, पाणी कुठे, छतावर किती भराव, यावर ते बदलतं आणि ते तुमच्या इंजिनिअरच्या सहीच्या नकाशावरच यायला हवं. वॉटरप्रूफिंग बाहेरच्या बाजूनं, भराव टाकण्याआधी. आतून मारलेला थर पाण्याच्या रेट्यानं पापुद्र्यासारखा सुटून येतो. तळ आणि भिंत यांचा सांधा सर्वांत आधी गळतो, तिथे काँक्रीट ओततानाच वॉटरस्टॉपची, म्हणजे सांध्यातून येणारं पाणी अडवणारी पट्टी बसवून घ्या. ती नंतर घालता येत नाही आणि सेंटरिंगवाले (काँक्रीटचा साचा बांधणारे) घाईत ती हमखास विसरतात, म्हणून काँक्रीट ओतण्याच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. तळाला एका कोपऱ्याकडे उतार द्या, तिथे बादली बुडेल एवढा खळगा ठेवा आणि जवळ हातपंप. वीज जाणार हे गृहीतच धरा. तोंडाचा उंबरठा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट उंच.

दाराबद्दल कंजुषी नको. दार आणि चौकट एकत्र तपासून विकलेला संच घ्या. वाऱ्याच्या माऱ्यात दाराचा पत्रा सहसा टिकतो, कडी आणि बिजागरं निसटतात. म्हणून अशा दारांना एका बाजूला तीन ठिकाणी कड्या असतात. शिवाय दार बाहेरूनच अडकलं तर? एक मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद अशा आडव्या झाकणावर फूटभर पाणी साचलं तरी त्याचं वजन २४० किलो होतं. त्यावर भिंतीचा ढिगारा पडला तर विचारूच नका. वर उघडणाऱ्या झाकणापेक्षा सरकणारं झाकण बरं. काहीही असो, आत गाडीचा हायड्रॉलिक जॅक आणि एक जाड लाकडी ठोकळा कायम ठेवा. खालून झाकण उचलायला याहून स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही.

हवेचं तुम्ही खास विचारलं आहे आणि तो प्रश्न योग्य आहे. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. वर सांगितलेल्या खोलीत पाच माणसांना जेमतेम आठ घनमीटर हवा मिळते. सगळं बंद असेल तर दर तासाला हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सव्वा टक्क्यानं वाढतं. दोन तासांत डोकं जड होतं, धाप लागायला लागते. घाबरलेली माणसं जोरात श्वास घेतात, म्हणजे प्रत्यक्षात त्याआधीच. टोर्नेडो काही मिनिटांत निघून जातं, पण ढिगाऱ्याखालून बाहेर काढायला तास लागतात. म्हणून चार इंची दोन पाइप हवेत. एकाचं आतलं तोंड जमिनीपासून फूटभर, दुसऱ्याचं छतालगत, म्हणजे हवा आपोआप फिरते. बाहेरची तोंडं खाली वळवलेली, जाळी लावलेली आणि जाड लोखंडी टोपीखाली, कारण नुसता प्लास्टिकचा पाइप पहिल्याच वाऱ्यात तुटतो. दोन्ही पाइप एकाच बाजूला काढू नका, एकाच ढिगाऱ्याखाली दोन्ही बुजतील. आत स्टोव्ह, मेणबत्ती, शेगडी, जनरेटर, पेट्रोलचा डबा, काहीच नको.

जागा किती लागते? अमेरिकेच्या मानकांत घरगुती टोर्नेडो-निवाऱ्याला माणशी ३ चौरस फूट पुरतात, कारण मुक्काम दोन तासांचा धरलेला असतो. चक्रीवादळासाठी २४ तास धरतात आणि माणशी ७ चौरस फूट. तुमच्या पाच जणांना सात बाय सात फूट भरपूर झाले. आईंसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची मावायला हवी.

आणि इथेच मला तुमची सगळी योजना मोडावीशी वाटते. गुडघ्यांनी अधू असलेल्या ७८ वर्षांच्या बाईंना रात्री दोन वाजता, पावसात, अंगण ओलांडून, निसरड्या पायऱ्यांवरून खाली कोण नेणार? टोर्नेडोचा इशारा चांगल्या यंत्रणा असलेल्या ठिकाणीसुद्धा फार तर दहा-पंधरा मिनिटं आधी मिळतो. त्या घाईत तुम्ही दोघं आईंना उचलून पायऱ्या उतरत असाल आणि बाकीचे मागे खोळंबलेले असतील. जिथे सगळ्यांत हळू चालणारं माणूस स्वतःच्या पायानं पोचतं, तोच तुमचा निवारा. तो घराच्या आत, जमिनीच्या पातळीवर असायला हवा.

जमिनीवर? हो. ११ मे १९७० ला अमेरिकेत टेक्सासमधल्या लबक शहरावर टोर्नेडो आलं, २६ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी पडलेली घरं बघायला सुरुवात केली. पुढच्या वादळांत त्यांना वारंवार एकच दिसलं. बाकीचं घर उद्ध्वस्त, पण मधली एखादी छोटी खोली, न्हाणीघर किंवा कपाटाची जागा, तशीच उभी. १९७४ मध्ये अर्न्स्ट कीसलिंग यांनी यातूनच घरातल्या निवाऱ्याची कल्पना मांडली. छोटी खोली आधीच टिकते, मग तिला मुद्दाम दणकट केलं तर? आज अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था फेमा अशा खोल्यांचे तपशीलवार नकाशे 'पी-३२०' या पुस्तिकेत मोफत देते. वर सांगितलेली वाऱ्याची आणि वाशाची परीक्षा या जमिनीवरच्या खोल्याही पास होतात. पुस्तिका तुमच्या इंजिनिअरच्या हातात द्या, म्हणजे त्याला शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

तुमच्या घरात मधोमध असलेली, बाहेरची भिंत नसलेली खोली कोणती? स्टोअररूम असेल, न्हाणीघर असेल. तिच्या आत सळई बांधून काँक्रीटच्या भिंती, वर काँक्रीटचाच स्लॅब, खाली तेवढंच भक्कम फूटिंग, आणि सगळं सळईनं एकमेकांत अडकवलेलं. चारही भिंती, छत आणि तळ एक अखंड पेटी व्हायला हवी. ही पेटी घराच्या बाकी भिंतींना आणि छपराला बांधू नका. घर उडालं तर त्यानं तिला सोबत ओढता कामा नये. पोकळ ब्लॉक वापरायचे असतील तर प्रत्येक पोकळी काँक्रीटनं भरून त्यात उभी सळई सोडायची. दर दोन-तीन ब्लॉकनंतरची एखादी पोकळी रिकामी सोडली की वासा नेमका तिथून आत येतो. या कामालाही फूटिंगसाठी खणावं लागेल, पण ते उथळ असतं आणि कुठे किती हे इंजिनिअर आखून देतो. दार मात्र इथेही तेच, तपासलेला संच. एरवी ती खोली स्टोअर म्हणून वापरा, पण दारापुढे धान्याचे डबे आणि जुन्या गाद्या रचायला सुरुवात झाली की ती निवारा राहत नाही. ही शिस्त ठेवायची जबाबदारी वहिनींकडे द्या. घरात सर्वांत स्वच्छ डोकं त्यांचंच दिसतंय.

मेहुण्यांच्या उत्साहाला काम हवं असेल तर तेही आहे. जुने नळ-वायर हलवणं, आतला गिलावा खरवडणं, भराव वाहणं, क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला सलग पाणी मारणं, शेल्फ बसवणं. यात भरपूर मजुरी वाचते. सळई, सेंटरिंग, काँक्रीट आणि दार यांना मात्र हौसेनं हात लावू नका.

आत ठेवायचं सामान थोडकं : पाणी, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, शिट्टी, आईंची औषधं, प्रत्येकाचे बंद बूट आणि प्रत्येकासाठी हेल्मेट. दुचाकीचं चालेल. हेल्मेट ऐकून लोक हसतात, पण टोर्नेडोत डोक्याला लागणारा मार हे जीव जाण्याचं मोठं कारण आहे. निवारा घरात नेमका कुठे आहे, हे दोन शेजाऱ्यांना आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला सांगून ठेवा. ढिगारा उपसणाऱ्यांनी अंदाजानं खणावं, अशी वेळ यायला नको.

परवानगी, नकाशा आणि बांधकाम यांत एखादा हंगाम सहज जाईल. त्या काळात इशारा आला तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या, खिडक्या नसलेल्या, मधल्या छोट्या खोलीत जा. भिंतीला टेकून खाली बसा, डोक्यावर हेल्मेट आणि वरून गादी ओढून घ्या. खिडक्या उघडल्या की आतला-बाहेरचा दाब सारखा होऊन घर वाचतं, असं कोणी सांगेल. ते खोटं आहे. खिडक्या उघडण्यात वेळ जातो, माणूस काचेजवळ जातो आणि वारा आत शिरून छप्पर उचलायला मदतच होते. एका रविवारी, खणायच्या वेळेत, घड्याळ वहिनींच्या हातात देऊन सराव करा : हाक दिल्यापासून आईंसकट पाचही जण आत येऊन दार लागेपर्यंत किती वेळ गेला, ते बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर आईंची झोपायची खोली बदला.